दुसरा मंगळवार : संगणकाच्या मासिक सुरक्षा-दुरुस्त्या

विंडोज आणि आपल्या इतर सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या वेळी सकाळचे दहा वाजलेले असतात. नागपुरात मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत रात्रीचे साडेदहा आणि एरवी साडेअकरा. सिव्हिल लाइन्समधले एखादे सरकारी कार्यालय बुधवारी सकाळी पावणेदहाला उघडते, तेव्हा तिथल्या प्रत्येक संगणकासाठी दुरुस्ती येऊन दहा-अकरा तास उलटलेले असतात. रात्री संगणक बंद होता म्हणून ती अजून उतरलेली नसते, एवढेच.

या दुरुस्तीला तंत्रज्ञ पॅच म्हणतात, बाकीचे सगळे अपडेट. नवी सोय किंवा नवा चेहरामोहरा देणारे अपडेट वेगळे आणि आतली फट बुजवणारे वेगळे. फट बुजवणारे अपडेट बसल्यावर पडद्यावर काहीही बदललेले दिसत नाही. फायदा दिसत नाही आणि रीस्टार्टची दहा मिनिटे मात्र जातात, म्हणून ‘नंतर आठवण करा’ या बटणाकडे हात आपोआप वळतो. मासिक दुरुस्त्यांची खरी अडचण तंत्रात कमी आणि या बटणात जास्त आहे. दुरुस्ती प्रसिद्ध होणे आणि ती प्रत्यक्ष संगणकावर बसणे यांच्यामध्ये जे दिवस जातात, त्या दिवसांतच अनेक मोठे घात झालेले आहेत.

मासिक वेळापत्रक ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झाले. त्याआधी दुरुस्ती तयार झाली की दिली जाई. एखादा आठवडा कोरडा जाई, पुढच्या आठवड्यात तीन-चार एकदम येत. शंभर संगणक सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी चाचणी, वाटप आणि रीस्टार्टचा खटाटोप नव्याने करावा लागे. साहजिकच दुरुस्त्या साचत. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम, सुटला आणि त्याने जगभरच्या असुरक्षित सर्व्हरांपैकी बहुतेक सगळे दहा मिनिटांत गाठले. त्याने वापरलेली त्रुटी जुलै २००२ मध्येच दुरुस्त झालेली होती. त्याच वर्षी ११ ऑगस्टला ब्लास्टर आला. त्याच्यावरची दुरुस्ती १६ जुलैला उपलब्ध होती. दोन्ही वेळा दुरुस्ती हाताशी असूनही ती बसवलेली नव्हती. ठरलेला दिवस असला तर कार्यालये आधीच तयारीत राहतील, असा विचार करून मायक्रोसॉफ्टने मंगळवार निवडला. सोमवार शनिवार-रविवारच्या साचलेल्या कामात जातो, आणि मंगळवारी काही बिघडलेच तर निस्तरायला आठवड्याचे तीन दिवस उरतात.

हळूहळू इतरांनीही कॅलेंडर धरले. अॅडोबी आणि सॅप याच मंगळवारी आपल्या दुरुस्त्या देतात. ओरॅकल वर्षातून चारदा, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत देते. क्रोम ब्राउझरच्या सुरक्षा-दुरुस्त्या ऑगस्ट २०२३ पासून आठवड्याला येतात. लिनक्सच्या जगात ठरावीक वार नाही. तयार झाली की दुरुस्ती दिली जाते. सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियन लिनक्सच्या पायावर उभारलेली बॉस ही भारतीय प्रणालीही त्याच परंपरेतली.

त्रुटी म्हणजे नेमके काय, हे एक उदाहरण जवळून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. विंडोजमध्ये एका संगणकावरच्या फाइली दुसऱ्या संगणकाला दाखवण्यासाठी एसएमबी नावाची व्यवस्था आहे. कार्यालयातला सामाईक फोल्डर किंवा सामाईक प्रिंटर तिच्यामुळेच चालतो. तिच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत फाइलींच्या जादा गुणधर्मांची एक यादी एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात बदलावी लागे. त्यासाठी आधी यादीची लांबी मोजायची, तेवढी जागा स्मृतीत राखायची आणि मग यादी तिथे उतरवायची. लांबीचा आकडा ३२ बिटांचा होता, पण तो कमी करून पुन्हा लिहिताना प्रोग्राम त्यातले खालचे १६ बिटच बदले. वरचा अर्धा भाग जुनाच राही. मुद्दाम तशीच यादी पाठवली तर प्रत्यक्ष मजकूर राखलेल्या जागेपेक्षा मोठा निघे आणि शेजारच्या स्मृतीत सांडे. शेजारी काय सांडवायचे हे पाठवणाऱ्याच्या हाती होते. तिथे तो स्वतःचा आदेश लिहू शके, आणि संगणक तो आदेश सर्वोच्च अधिकाराने पाळे. पासवर्ड लागत नव्हता. कुणी लिंकवर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. संगणक नेटवर्कवर चालू असणे पुरेसे होते.

प्रत्येक जाहीर त्रुटीला सीव्हीई क्रमांक मिळतो. ही पद्धत १९९९ पासूनची. वर वर्णिलेल्या त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०१७-०१४४. गांभीर्य शून्य ते दहा अशा गुणांत मोजतात आणि ९ किंवा त्याहून अधिक गुणांची त्रुटी अतिगंभीर धरली जाते. एका मंगळवारच्या गठ्ठ्यात अनेकदा शंभराच्या आसपास क्रमांक असतात. त्यांतली एखादी आधीच हल्ल्यांत वापरली जात असल्याचे कंपनी जाहीर करते. तिला झीरो-डे म्हणतात, आणि अनुभवी प्रशासक यादी उघडल्यावर आधी तीच शोधतो. भारतात २००४ पासून काम करणारी सर्ट-इन ही केंद्रीय संस्था या यादीवरून आपल्या सूचना काढते.

दुरुस्ती प्रसिद्ध झाली की सगळ्यांनाच दोन गोष्टी एकदम कळतात : फट बुजवायची कशी आणि फट होती कुठे. हल्लेखोर जुनी फाइल आणि नवी फाइल समोरासमोर ठेवून कोणत्या ओळी बदलल्या ते पाहतो. बदललेल्या ओळी त्याला थेट त्रुटीपाशी नेतात. काही वेळा हल्ल्याचे हत्यार तयार व्हायला चार-आठ दिवसही पुरतात. म्हणून मंगळवारनंतरचा काळ मंगळवारच्या आधीच्या काळापेक्षा अधिक धोक्याचा असतो. ‘इतकी वर्षे काही झाले नाही, आणखी महिनाभर काय होणार’ हा युक्तिवाद नेमका इथे फसतो. कालपर्यंत मोजक्यांना ठाऊक असलेली फट आज सगळ्या जगाला ठाऊक झालेली असते.

एसएमबीची ती फट १४ मार्च २०१७ च्या मंगळवारी बुजवण्यात आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ती आधीच शोधून स्वतःच्या कामासाठी वापरली होती, आणि ते हत्यार चोरीला गेले होते. शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने १४ एप्रिलला ते जाहीर केले. १२ मे रोजी, म्हणजे दुरुस्तीनंतर ५९ दिवसांनी, वॉनाक्राय या खंडणीखोर वर्मने ते वापरून सुमारे १५० देशांतले दोन लाखांवर संगणक कुलूपबंद केले. सगळ्या जगाने ती बातमी वाचली. तरीही आणखी दीड महिन्याने तीच फट पुन्हा वापरली गेली, आणि त्या वेळी महाराष्ट्राचा समुद्रकिनारा त्यात सापडला.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजकंपनीचे जगभरचे संगणक बंद पाडले. न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्कच्याच एपीएम टर्मिनल्स या कंपनीकडून चालवले जाते. वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळण्याची क्षमता असलेल्या या टर्मिनलचे काम ठप्प झाले आणि हाताने नोंदी करून गाडा ओढण्याचा प्रयत्न सुरू झाला. कंटेनर-बंदरात क्रेन धडधाकट असून भागत नाही. कोणता कंटेनर कुणाचा, कोणत्या थप्पीत, कोणत्या जहाजासाठी आणि सीमाशुल्काची परवानगी मिळालेला आहे की नाही, हे सगळे फक्त संगणकाला ठाऊक असते. बाहेरून सगळे कंटेनर सारखेच. नोंदवही हरवली की हजारो पेट्यांचे नुसते डोंगर उरतात.

नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, पण ही घटना नागपूरसाठी परकी नाही. अजनीचा अंतर्देशीय कंटेनर डेपो अनेक वर्षे विदर्भाचा निर्यात-दरवाजा राहिला आहे. इथे सीमाशुल्काचे सोपस्कार होऊन तांदूळ, सूत, पोलाद अशा मालाचे कंटेनर आगगाडीने न्हावा शेव्याला जातात. भंडारा-गोंदियाच्या गिरणीमालकाने अजनीत माल वेळेवर पोचवला तरी त्याचे पुढचे भवितव्य, मर्स्कच्या कोपनहेगनमधल्या कार्यालयाने आपले सर्व्हर वेळेवर दुरुस्त केले की नाही, यावर अवलंबून असते. संगणकाची देखभाल ही ज्याची-त्याची खासगी बाब आहे, हा समज या साखळीपुढे टिकत नाही.

नॉटपेट्याच्या फैलावाची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. तो आत शिरला तो युक्रेनमधल्या एमईडॉक या हिशेब व कर-विवरणाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीचा अपडेट-सर्व्हरच ताब्यात घेतला होता. आत आल्यावर त्याच्याकडे दोन वाटा होत्या. मार्चची दुरुस्ती नसलेल्या संगणकात तो एसएमबीच्या फटीतून जाई. दुरुस्ती असलेल्या संगणकात जाण्यासाठी तो पहिल्या संगणकाच्या स्मृतीतून प्रशासकाचे पासवर्ड उचले आणि रीतसर लॉग-इन करी. म्हणजे शंभरांपैकी नव्याण्णव संगणक अद्ययावत असले तरी शंभरावा उरलेल्यांना बुडवू शकतो. मर्स्कने पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. कंपनीचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. मार्चमधल्या त्या दुरुस्तीला मात्र एका रीस्टार्टपलीकडे काहीही खर्च नव्हता.

रीस्टार्ट का लागतो, हा प्रश्न त्रासलेला प्रत्येक जण विचारतो. संगणक चालू असताना प्रणालीच्या मुख्य फाइली वापरात असतात, त्यामुळे त्या जागच्या जागी बदलता येत नाहीत. नव्या फाइली बाजूला उतरवून ठेवल्या जातात आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होताना अदलाबदल होते. त्यामुळे ‘डाउनलोड झाले’ म्हणजे ‘बसले’ असे नव्हे. लॅपटॉपचे झाकण मिटवणारा माणूस रीस्टार्ट करतच नाही. नेहमीचे ‘शट डाउन’सुद्धा विंडोजमध्ये बहुधा अर्धवट असते, कारण पुढच्या वेळी चटकन सुरू होण्यासाठी प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो. अपडेट थांबलेले असेल तेव्हा मेन्यूत दिसणारा ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ हाच पर्याय घ्यावा. मे महिन्यात दुपारी वीज जाण्याची धास्ती असेल, तर डेस्कटॉपचे हे काम सकाळी उरकावे किंवा यूपीएस चांगला असल्याची खात्री करून घ्यावी. मधेच वीज गेली तर विंडोज मागे फिरण्याचा प्रयत्न करते आणि बहुधा त्यात यशस्वी होते. मात्र दरवेळी होईलच असे नाही.

विंडोज १० पासून मासिक दुरुस्त्या संचयी झाल्या आहेत. या महिन्याच्या गठ्ठ्यात मागच्या महिन्यांच्या दुरुस्त्याही असतात. चार महिने कपाटात पडून राहिलेल्या संगणकाला चार वेगळी अपडेट शोधावी लागत नाहीत, शेवटचे एक पुरते. नागपूरच्या प्रशासनासाठी ही गोष्ट विशेष सोयीची आहे. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, मुंबईचे मंत्रालय काही दिवसांपुरते इथे येते, आणि दुसरा मंगळवार पुष्कळदा त्याच सुमारास पडतो. २०२३ मध्ये अधिवेशन ७ ते २० डिसेंबर असे चालले आणि दुसरा मंगळवार १२ तारखेला आला. अशा तात्पुरत्या कार्यालयात वर्षभर बंद असलेला किंवा भाड्याने आणलेला संगणक मुख्य नेटवर्कला जोडण्याआधी त्याच्यावर शेवटचा गठ्ठा बसवून घेतला, तर अधिवेशनाच्या ऐन गर्दीत रीस्टार्टची पाळी येत नाही.

मोठ्या संस्थांत प्रत्येक संगणक आपले अपडेट स्वतः इंटरनेटवरून आणत नाही. संस्थेचा एक सर्व्हर ते एकदाच उतरवून घेतो आणि प्रशासक मंजुरी देईल त्या क्रमाने वाटतो. आधी पाच-सहा संगणक, तेही मुद्दाम वेगवेगळ्या विभागांतले : एक हिशेबाचा, एक डिजिटल सहीचा डोंगल लागणारा, एक बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचा, एक जुन्या प्रिंटरला जोडलेला. दोन-तीन दिवस ते सुरळीत चालले की एक विभाग, मग सगळे. ही सबुरी निराधार नाही. ९ मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर छापण्याचा आदेश देताच विंडोज निळ्या पडद्यावर कोसळत असे, आणि मायक्रोसॉफ्टला सहा दिवसांत दुसरे अपडेट द्यावे लागले. दाखले छापून देणाऱ्या सेवा केंद्राला असा दिवस परवडत नाही. पण सबुरीलाही मुदत हवी. चाचणीसाठी आठवडा देणे शहाणपणाचे आहे. ‘चाचणी सुरू आहे’ असे म्हणत दोन महिने काढणे म्हणजे वॉनाक्रायचे ५९ दिवस पुन्हा मोजणे.

दुरुस्ती फक्त विंडोजला लागते असेही नाही. ३१ जुलै २०२४ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला देयक-व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांची ही संयुक्त कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकीय सेवा पुरवते. तिच्यावर खंडणीखोर प्रोग्रामचा, म्हणजे रॅन्समवेअरचा, हल्ला झाला होता आणि सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे एटीएम व यूपीआय व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सुरक्षा-संस्थेच्या विश्लेषणानुसार हल्लेखोर शिरले ते एका भागीदार कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरमधून. जेन्किन्स हे प्रोग्रामरांचे एक मोफत साधन आहे. त्यातली संबंधित त्रुटी २४ जानेवारी २०२४ रोजी, सहा महिने आधी, दुरुस्त होऊन जाहीर झालेली होती. जेन्किन्सला दुसरा मंगळवार नसतो. आपल्याकडे काय काय चालू आहे याची यादी ज्या संस्थेकडे नाही, तिला कोणतेच कॅलेंडर वाचवू शकत नाही.

अँटिव्हायरस घेतला की दुरुस्तीची गरज नाही, हा गैरसमज महाराष्ट्रात बराच रुजलेला आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी क्विक हील घरोघरी नेले, आणि ‘व्हायरस’ हा शब्द लोकांना अशाच उत्पादनांमुळे परिचित झाला. त्या उत्पादनालाही रोजची अपडेट लागतात, पण ती वेगळ्या जातीची. ती ओळखीच्या घातक फाइलींची यादी ताजी ठेवतात. विंडोजमधली फट बुजवणे त्यांच्या अखत्यारीत येत नाही. दोन्ही लागतात.

सुरक्षा-सॉफ्टवेअरचे अपडेट चुकले तर काय होते, ते १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल सगळ्या ग्राहकांना एकाच वेळी पाठवली आणि १०.५७ ला मागे घेतली. या ७८ मिनिटांत जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कोसळलेला संगणक सुरूच होत नसल्याने नवी फाइल पाठवून भागत नव्हते. असंख्य ठिकाणी माणसाने प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ती फाइल काढावी लागली. ही मासिक दुरुस्ती नव्हती, पण त्या दिवसापासून ‘अपडेट नकोच’ म्हणणाऱ्यांना एक हुकमी दाखला मिळाला. तो दाखला पुरा पाहिला तर उलटे सांगतो. दोष अपडेट देण्यात नव्हता, सगळ्यांना एकदम देण्यात होता. पुढे कंपनीनेही टप्प्याटप्प्याने वाटप सुरू केले.

प्रत्येक प्रणालीच्या दुरुस्त्यांना शेवट असतो, आणि तो दिवसही दुसरा मंगळवारच निवडला जातो. विंडोज एक्सपीसाठी ८ एप्रिल २०१४, विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२०, विंडोज १० साठी १४ ऑक्टोबर २०२५. त्यानंतर संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो, फक्त नव्याने सापडलेली प्रत्येक फट त्यात कायमची उघडी राहते. एटीएम यंत्रे वर्षानुवर्षे एक्सपीवर चालत राहिली. अखेर रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना मुदती घालून दिल्या : सप्टेंबर २०१८ पर्यंत चौथा हिस्सा यंत्रे बदला, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सगळी. शाळा, दवाखाने आणि छोटी दुकाने यांना अशी मुदत घालून देणारे कुणी नाही. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना नाव नोंदवल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची वाढीव सुरक्षा मिळते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, त्यामुळे अनेक जुन्या पण चालत्या संगणकांवर ते रीतसर चढत नाही. अशा यंत्रावर लिनक्स टाकणे हा बिनखर्चाचा आणि प्रामाणिक पर्याय आहे. ब्राउझर, पत्रव्यवहार आणि मराठी टंकलेखन यांपुरते काम असेल तर काही अडत नाही.

अँड्रॉइड फोनसाठी मासिक दुरुस्त्या ऑगस्ट २०१५ पासून सुरू झाल्या. स्टेजफ्राइट नावाची त्रुटी नुकतीच उघड झाली होती. केवळ एका एमएमएस संदेशातून फोन ताब्यात घेता येत असे. फोनची दुरुस्ती गुगलकडून चिप बनवणाऱ्याकडे, तिथून फोनच्या कंपनीकडे आणि मग ग्राहकाकडे येते, आणि प्रत्येक टप्प्यावर रेंगाळते. सेटिंग्जमध्ये ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ या नावाखाली एक तारीख दिसते. ती वर्षभर जुनी असेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार करू नयेत. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस २४ यांच्यापासून गुगल व सॅमसंग यांनी महागड्या फोनना सात वर्षांचे आश्वासन दिले आहे. स्वस्त फोनची मुदत बरीच कमी असते. ती खोक्यावर ठळक छापलेली नसते, म्हणून विकत घेतानाच विचारावी.

वाय-फाय राउटर आणि दुकानात-घरात लावलेले कॅमेरे यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. यांच्यातही एक छोटा संगणक असतो आणि त्याचे सॉफ्टवेअर फर्मवेअर या नावाने ओळखले जाते. २०१६ मध्ये मिराई या वर्मने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे व राउटर गोळा करून त्यांच्याकरवी मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले चढवले. कॅमेऱ्याच्या मालकाला त्याचा पत्ताही नव्हता, कारण चित्र नीट दिसत होते. अनेक राउटर आपणहून अपडेट होत नाहीत. त्यांच्या व्यवस्थापन-पानावर जाऊन ‘फर्मवेअर अपग्रेड’ तपासावे लागते, आणि कंपनीने त्या मॉडेलच्या दुरुस्त्या बंद केल्या असतील तर राउटर बदलावा लागतो. तो इंटरनेट कंपनीने दिलेला असेल तर तक्रार नोंदवून नवा मागता येतो. मागताना मॉडेल क्रमांक आणि फर्मवेअरची तारीख सांगितली, तर काम लवकर होते.